कोल्हापूरच्या नद्या-ओढ्यांवर फ्लाय फिशिंग आणि ट्राउट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गळ टाकून बसणारी माणसं कोल्हापूर जिल्ह्याला नवीन नाहीत. पंचगंगेच्या घाटापासून पाटगावपर्यंत कुठेही जा, काठावर एखादा तंगूस सोडून बसलेला दिसतोच. मात्र गेल्या काही वर्षांत मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ बघून बरेच जण फ्लाय फिशिंगबद्दल, म्हणजे पिसांच्या नकली किड्याने (त्यालाच फ्लाय म्हणतात) मासे धरण्याबद्दल, विचारू लागले आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ट्राउट या गार पाण्यातल्या परदेशी माशाबद्दलच असतो. नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

कोल्हापूरच्या ओढ्यांत ट्राउट मिळतो का?

नाही. पंचगंगेत नाही; कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीत नाही; वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी, ताम्रपर्णीतही नाही. कुणी "आमच्या गावच्या डोहात ट्राउट बघितला" असं सांगितलं, तर अंगावर ठिपके किंवा पट्टे असलेला दुसराच मासा त्याने बघितलेला असतो. बहुतेक वेळा तो झोऱ्या किंवा लहान खडस निघतो.

का नाही? आपल्याकडे पाणी तर स्वच्छ आणि वाहतं आहे.

वरच्या अंगाला आहे, खरं आहे. पण ट्राउटला स्वच्छतेइतकाच गारवा लागतो. १० ते १६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो खूश असतो. पाणी २० अंशांच्या वर गेलं की खाणं कमी करतो, आणि २५ अंशांच्या आसपास फार काळ तग धरत नाही. आपल्या ओढ्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी पाय घालून बघा, पाणी कोमट लागतं.

खरं कारण प्राणवायूचं आहे. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. १० अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण ११ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. त्यात पाणी तापलं की माशाच्या अंगाची गरज वाढते. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. आपले मासे हजारो वर्षं याच हवामानात वाढले, त्यांना हे झेपतं. ट्राउटला नाही.

"मग उटीला कसा आहे? उटी तर आपल्या खाली, दक्षिणेला." हा प्रश्न रास्त आहे. उटी समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंच आहे. कोल्हापूर शहर साडेपाचशे मीटरच्या आसपास आणि गगनबावडा सातशेच्या आत-बाहेर. अख्ख्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेसुद्धा १,६४६ मीटर, आणि शिखरावर नदी वाहत नाही. शिवाय आपला सह्याद्री काळ्या कातळाचा. पावसाळ्यात धो धो वाहणारे वरचे ओढे शिमग्यापर्यंत डबक्यांवर येतात. बारमाही गार पाण्याचा प्रवाह हवा असलेल्या माशाला इथे जागाच नाही.

भारतात मग ट्राउट आला कुठून?

इंग्रजांनी आणला. आपल्या नद्यांत तो मुळात नव्हताच. काश्मीरसाठी १८९९ मध्ये विलायतेहून पाठवलेली तपकिरी ट्राउटची अंडी वाटेतच वाया गेली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली खेप जगली आणि श्रीनगरजवळच्या हारवन इथे त्यांची पैदास सुरू झाली. हिमाचलात १९०९ च्या सुमारास कुल्लू खोऱ्यात कटराईनजवळ उबवणी केंद्र झालं. निलगिरीत त्याच दशकात ॲव्हलांच इथे ट्राउट रुजला, तोही तपकिरी नव्हे तर इंद्रधनुषी, म्हणजे रेनबो ट्राउट. मुन्नारच्या वरच्या चहामळ्यांच्या भागातही रेनबोच आहे. भारतातला ट्राउटचा नकाशा म्हणजे हे एवढंच: हिमालयाचा उतार आणि दक्षिणेतले हे उंच माथे.

हॅचरीतून पिल्लं आणून आंबोली किंवा गगनबावड्याच्या ओढ्यात सोडली तर?

कृपा करून हा विचारही करू नका. हा प्रश्न दर हिवाळ्यात कुणीतरी विचारतंच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, पिल्लं मरतील. वाचलीच तर उन्हाळ्याआधीचे चार महिने आपल्या ओढ्यातल्या लहान माशांवर आणि पाणकिड्यांवर ताव मारून मग मरतील. तपकिरी आणि रेनबो हे दोन्ही ट्राउट जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत आहेत. ती यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञांनी केलेली आहे. ज्या देशांत ट्राउट टिकला, तिथल्या अनेक नद्यांत मूळचे मासे मागे रेटले गेले.

दुसरी गोष्ट, आपल्या ओढ्यांत काय आहे ते आपल्यालाच अजून पुरतं ठाऊक नाही. आजऱ्यातून वाहणाऱ्या हिरण्यकेशीचा उगम आंबोलीला आहे. तिथल्या देवळाच्या कुंडात बोटाच्या दोन-तीन पेरांएवढा एक मासा २०२० मध्ये विज्ञानाला नव्याने कळला आणि त्याचं नावच नदीवरून पडलं, शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. शेकडो वर्षं माणसं त्या कुंडात पाया पडून जात होती, मासा तिथेच होता. असे आणखी किती असतील? त्यांच्यात एक परका शिकारी सोडणं हा गुन्हाच आहे, कायद्याची कलमं बाजूला ठेवली तरी.

परके मासे सोडल्याची फळं आपण भोगतोच आहोत. चिलापी आज प्रत्येक तळ्यात आहे. थाई मांगूर पाळायला देशात २००० सालापासून बंदी आहे, तरी तो चोरून पाळला जातो, आणि पुरात शेततळी फुटली की नदीत येतो. त्यात आणखी भर नको.

ट्राउट नाही तर इथे फ्लाय फिशिंग करायचं कशासाठी?

कारण फ्लाय फिशिंग ही पद्धत आहे, ती कुठल्या एका माशाच्या मालकीची नाही. पाण्यावर पडलेला किडा, पाण्याखालचं अळीसारखं काहीतरी किंवा पळणारं पिल्लू खाणारा कुठलाही मासा फ्लायवर येतो. असे मासे आपल्याकडे भरपूर आहेत.

सर्वांत आधी नाव घ्यावं लागेल ते झोऱ्याचं. वितीएवढा, रुपेरी, अंगावर निळसर काळे आडवे पट्टे. वाहत्या पाण्यात थव्याने राहतो आणि वरून येणारा किडा टिपतो. ट्राउटच्या ओढ्यात जे कसब लागतं ते सगळं हा एवढासा मासा तुमच्याकडून करून घेतो: लहान फ्लाय, बारीक तंगूस, दबकी चाल. झोऱ्या नियमितपणे लागायला लागला की हिमाचलात तुमचं अडणार नाही.

खडस, म्हणजे महसीर, हा आपल्या नद्यांचा राजा. दख्खनच्या या जातीचं शास्त्रीय वर्णन १८३९ मध्ये साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने केलं, तेही पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. तोंड मांसल, खवले मोठे आणि ताकद अशी की पहिल्या धडकेत तंगूस किर्र करत निघून जातो. धरणं, वाळूउपसा आणि जिलेटिनचे स्फोट यांनी त्याला पार वरच्या डोहांत ढकललं आहे. लागलाच तर तो परत पाण्यात गेला पाहिजे. लोणावळ्याला टाटांच्या तळ्यांवर १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास करून पिल्लं सोडली जातात, आणि रायगडात वाळण कोंडीला तो देवाचा मासा म्हणून राखला जातो. आपल्याकडेही देवळापुढच्या डोहात मासे धरत नाहीत अशी गावं आहेत. त्या डोहांचा मान राखा.

चिलापी शिकाऊ माणसासाठी उत्तम. तळ्याच्या उथळ काठाला थाळीसारखे गोल खळगे दिसले की समजा चिलापीने घर केलंय. लहान निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या अळीसारखी फ्लाय, हळू ओढत नेली तर घेतो, आणि कितीही धरले तरी नदीचं नुकसान नाही.

मरळ दबा धरून बसतो आणि बेडकासारखी दिसणारी फ्लाय पाण्यावरून सरकवली की फटकन उडी घेतो. एक मात्र पाळा. पावसाळ्याच्या सुमाराला पाण्यावर लालसर पिल्लांचा गोळा वर-खाली होताना दिसला, तर खाली नर-मादी राखण करत असतात. अंगावर आलेल्या कशावरही ते तुटून पडतात, म्हणून त्या वेळी त्यांना धरणं सोपं असतं. आई-बाप गेले की तासाभरात इतर मासे सगळी पिल्लं फस्त करतात. तिथून निघून जा.

याखेरीज अळकुट, खवली, खरबी हेही फ्लायला येतात. वाम आणि शिंगटा मात्र तळाशी वासावर खाणारे, त्यांच्यासाठी आपलं गांडूळच बरं.

नेहमीच्या गळात आणि यात फरक काय?

नेहमीच्या गळाला शिसं असतं किंवा आमिषाचं वजन असतं. ते वजन लांब जातं आणि तंगूस त्याच्यामागे ओढला जातो. फ्लाय म्हणजे गळाला बांधलेली चार पिसं, तिला वजनच नाही. इथे वजन दोरीला असतं. जाड, प्लास्टिकचं आवरण असलेली ही दोरी आसुडासारखी मागे-पुढे उलगडत जाते आणि टोकाची फ्लाय अलगद पाण्यावर ठेवते. बाकी सगळं, म्हणजे काठी वेगळी का, रीळ वेगळं का, मागे मोकळी जागा का लागते, हे या एका गोष्टीतून येतं.

सुरुवातीला कोणतं सामान घ्यावं?

एकच काठी घ्यायची असेल तर नऊ फुटी, ५ नंबरची. फ्लायच्या काठ्यांना दोरीच्या वजनाप्रमाणे नंबर असतात. ३ नंबर झोऱ्यासाठी गोड, ७-८ नंबर मोठ्या खडसासाठी. ५ नंबर दोन्हीकडे चालवून घेता येते. दोरी त्याच नंबरची, तरंगणारी घ्या. पैसे कमी असतील तर रिळावर वाचवा, दोरीवर वाचवू नका. स्वस्त दोरी रिळावर पडलेल्या वळ्या सोडत नाही आणि नवशिक्याला वाटतं आपलाच हात वाईट.

दोरीच्या पुढे नऊ फुटांचा लीडर, म्हणजे निमुळता होत जाणारा तंगूस, त्याच्या टोकाला हातभर बारीक तंगूस. याशिवाय गळ काढायची चिमटी, पोलराइज्ड चष्मा, टोपी. चष्मा हौसेचा नाही, तो घातल्यावर पाण्यावरची चकाकी जाऊन आतला मासा दिसतो, आणि उलटा आलेला गळ डोळ्यात जात नाही.

गळाच्या मागचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करून टाका. मासा सोडताना तोंड फाटत नाही, आणि बोटात रुतला तर दवाखाना गाठावा लागत नाही.

एवढा खर्च नको. कळकाच्या काठीवर जमेल का?

जमेल, आणि लहान ओढ्यावर कधी कधी महागड्या काठीपेक्षा बरं जमेल. जपानमध्ये टेनकारा नावाची पद्धत आहे: लांब लवचीक काठी, टोकाला बांधलेली दोरी, एक फ्लाय, रीळ नाही. डोंगरातल्या ओढ्यांसाठीच ती घडली. आजरा, चंदगड, भुदरगडकडे बांबूचा तुटवडा नाही. चिव्याची, म्हणजे बारीक बांबूची, सरळ, टोकाला निमुळती काठी बघून घ्या, सावलीत वाळवा, टोकाला दहा-बारा फूट जाडसर तंगूस आणि त्यापुढे दोन-तीन फूट बारीक तंगूस बांधा. झोऱ्याला याहून जास्त काही लागत नाही.

कास्टिंग, म्हणजे दोरी फेकणं, कसं शिकायचं? शिकवणारं कुणी नाही.

पाण्यावर शिकू नका, मैदानात शिका. सकाळी मैदान रिकामं असताना जा, फ्लायच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधा, पुढे वीस फूट दोरी सोडा.

काठी डोक्याच्या किंचित मागे नेऊन एकदम थांबवा. आता वाट बघा. दोरी मागे उलगडून सरळ होईपर्यंतचा तो क्षण म्हणजेच सगळं कास्टिंग. मान वळवून दोरीकडे बघा, लाजायचं कारण नाही. सरळ झाली की पुढे आणा आणि पुन्हा एकदम थांबवा. चटकन आवाज आला तर तुम्ही घाई केलीत, दोरी मागे गवतात पडली तर उशीर केलात किंवा काठी फार मागे नेलीत. ताकद लावणाऱ्याला हे उशिरा येतं. तालमीतल्या पोरांना मी बघितलंय, पहिले दोन दिवस काठी नुसती घुमते, मग खांदा सैल पडतो आणि दोरी सरळ जायला लागते.

आपल्या ओढ्यांवर मागे करंज, जांभूळ, उंबर असतातच. तिथे रोल कास्ट लागतो: दोरी पाण्यावरून हळू मागे ओढायची, कानाच्या मागे तिचं पोट सुटू द्यायचं आणि पुढे झटका द्यायचा. हा प्रकार गवतावर नीट होत नाही, त्याला पाण्याची पकड लागते. तेवढ्यासाठी तळ्यावर जा.

इथल्या पाण्यासाठी कोणती फ्लाय चालते? घरी करता येते का?

येते, आणि करावी. कोंबड्याच्या मानेची पिसं चिकनच्या दुकानात मागितली तर फुकट मिळतात. शिवणाचा रेशमी दोरा, थोडी लोकर, लहान गळ आणि नेलपॉलिश, झालं. गळाचा नंबर वाढेल तसा गळ लहान होतो. झोऱ्याला १६ किंवा १८, चिलापीला १०-१२, खडसाला ४-६.

दगड उलटून बघा म्हणजे काय बांधायचं ते कळतं. हिवाळ्यात कुंभीच्या किंवा चित्रीच्या उथळ धारेतला मुठीएवढा धोंडा उचला. खालच्या बाजूला चपट्या अंगाची, तीन शेपट्यांची अळी आडवी पळताना दिसेल. ती मेफ्लाय नावाच्या पाणकिड्याची. शेजारी वाळूच्या कणांची नळी चिकटलेली असेल, तिच्यात कॅडिस नावाच्या दुसऱ्या पाणकिड्याची अळी राहते. तपकिरी लोकर आणि दोन पिसांच्या शेपट्या बांधल्या की ही अळी तयार. एवढी एक निम्फ डबीत असली तरी वर्षाचे आठ महिने भागतं. धोंडा होता तसा परत ठेवा.

मृगाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी पंख फुटलेली वाळवी उठते, तेव्हा ती टिपणाऱ्या माशांनी पाणी नुसतं उकळल्यासारखं दिसतं. भाताची कापणी चालू असताना नाकतोडे पाण्यात पडतात. आणि खडसाला उंबराचं वेड आहे. डोहावर वाकलेल्या उंबराखाली फळ पडल्याचा "डुब्" आवाज झाला की तो वर येतो. तांबड्या-किरमिजी लोकरीचा गोळा बांधून तोच आवाज काढता आला पाहिजे. हे एक ठिकाण असं आहे जिथे फ्लाय अलगद टाकायची नसते.

कधी आणि कुठे जावं?

दसरा-दिवाळीनंतर पाणी निवळतं, तिथपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. ओढे आटले तरी आपल्या मोठ्या नद्या धरणांच्या आवर्तनामुळे उन्हाळ्यातही वाहतात, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये सकाळी लवकर जमतं. उपसाबंदीचे दिवस बघून गेलात तर पाणी जरा स्थिर मिळतं.

जागा सांगायच्या तर तालुक्यांची नावं घेतो, डोहांची नाही. नाव फुटलं की डोह महिन्याभरात रिकामा होतो हे अनुभवाचं आहे. पन्हाळा-शाहूवाडीकडे कासारी, गगनबावड्याकडे कुंभी, भुदरगडात वेदगंगा, आजऱ्यात हिरण्यकेशी आणि चित्री, चंदगडात ताम्रपर्णी आणि घटप्रभा. जितकं पश्चिमेला जाल तितकं पाणी चांगलं. प्रयाग चिखलीच्या खाली, शहर ओलांडल्यावर, फ्लाय टाकण्यात अर्थ नाही.

आपल्याकडची खास जागा म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळा संपला की बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, पावसाळ्याआधी काढतात. बरगे घातलेले असताना वर डोह साठतो आणि खाली बरग्यांच्या फटींतून पाणी फेसाळत पडतं. तिथे प्राणवायू भरपूर, वरून वाहून येणारं खाणं भरपूर. फेसाचा पट्टा जिथे विरत जातो आणि पाणी पुन्हा गुळगुळीत होतं, तिथे झोऱ्याचा थवा तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो.

पाण्यात मासा कुठे आहे हे ओळखायचं कसं?

मासा कष्ट वाचवतो. जोराच्या धारेत उभं राहायला ताकद लागते, म्हणून तो संथ पाण्यात उभा राहतो आणि शेजारच्या धारेतलं खाणं टिपतो. त्यामुळे वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकाला घासतं ती रेघ शोधा. धोंड्याच्या मागे असते तशीच पुढेही संथ पाण्याची छोटी उशी असते, आणि बरेच जण ती सोडून देतात. काठ आतून कोरला गेला असेल आणि करंजाची मुळं पाण्यात उतरली असतील, तर तिथली पहिली फ्लाय जपून टाका.

मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून तुम्ही खालून वर जा. सावली पाण्यावर पडू देऊ नका. आणि फ्लाय पाण्याबरोबर वाहिली पाहिजे. मधली वेगवान धार दोरी ओढते, फ्लाय तिरकी पळायला लागते आणि मासा तोंड फिरवतो. दोरी पडल्या पडल्या तिचं पोट काठीने उचलून वरच्या बाजूला टाका, म्हणजे फ्लायला मोकळं वाहायला दोन-चार सेकंद जास्त मिळतात. मासे तेवढ्याच सेकंदांत लागतात.

म्हशी नुकत्याच उठून गेलेल्या डोहावर वेळ घालवू नका. पाऊण तास वर जा, परत येताना बघा.

परवानगी लागते का?

जागेवर अवलंबून आहे. धरणांचे जलाशय आणि मोठे तलाव मत्स्य व्यवसाय सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तिथे संस्थेला विचारल्याशिवाय गळ टाकू नका. त्या पाण्यात त्यांनी पैसे घालून मत्स्यबीज सोडलेलं असतं आणि भोई कुटुंबांचं पोट त्यावर आहे. आदल्या दिवशी जाऊन भेटलात, मासे सोडून देणार असल्याचं सांगितलंत, तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. उलट कुठे काय लागतंय ते तेच सांगतात.

राधानगरी अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान यांच्या हद्दीत वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू आहे. तिथे मासेमारीचा विषय काढायचा नाही. गावच्या ओढ्यावर शेतातून जायचं असेल तर मालकाला हाक मारून जा. सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. असं कुणी करताना दिसलं तर पोलिसांना कळवा.

धोके कोणते?

सर्वांत मोठा धोका डोक्यावर असतो. फ्लायची काठी कार्बनची, नऊ फूट लांब, आणि कार्बनमधून वीज जाते. उसाच्या फडातून मोटारींना जाणाऱ्या तारा नदीकाठी हात-दीड हात लोंबलेल्या असतात. काठी जोडण्याआधी वर बघा. तारांखालून जाताना काठी आडवी धरा.

दुसरा धोका धरणातून सुटणाऱ्या पाण्याचा. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे पातळी आली की आपोआप उघडतात, ते कुणाची वाट बघत नाहीत. वीजगृहातून पाणी वाढवलं तरी तासाभरात खाली दोन फुटांचा फरक पडतो. पाण्यात काडी-कचरा वाहायला लागला किंवा पाणी गढूळ झालं की पहिल्यांदा बाहेर या, मग विचार करा. जून ते सप्टेंबर नदीत उतरायचंच नाही.

बंधाऱ्याच्या पायथ्याशी, पाणी पडतं तिथे, उतरू नका. तिथलं पाणी माणसाला फिरवून खाली ठेवतं. शिरोळकडे कृष्णेत आणि वारणाकाठी मगरी आहेत, तिथे काठावर उकिडवं बसायचं नाही. शेवाळावर रबरी चप्पल म्हणजे पाय मोडायची हमी. आणि दगडाच्या खोबणीत हात घालण्याआधी काठीने आवाज करा, घोणस तिथेच ऊन खात असते.

मासा सोडावा की खावा?

चिलापी खा, मनसोक्त खा. परका आहे, चवीला चांगला आहे, तिखट-मीठ लावून रव्यात तळला तर मुलंही खातात. खडस सोडा. झोऱ्या आणि बाकीचे देशी मासे कमी होत चाललेत, तेव्हा तेही सोडावेत असं माझं मत आहे. शहराच्या खालच्या पंचगंगेतला कुठलाही मासा मात्र घरी नेऊ नका.

सोडायचा तर नीट सोडा. हात ओले करून धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्यातून बुरशी लागते. फोटो काढायचा तर तो पाण्यातच, किंवा तुम्ही श्वास रोखून धराल तेवढ्या वेळात. तोंड प्रवाहाकडे करून हातात धरून ठेवा, कल्ले नीट चालू झाले की तो स्वतःच निसटतो. उन्हाळ्यात दुपारी धरलेला मासा सोडला तरी बऱ्याचदा मरतो, म्हणून त्या दिवसांत दहाच्या आत गुंडाळा.

खरा ट्राउटच धरायचा आहे. कोल्हापुरातून कुठे जावं?

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हिमाचलातलं तीर्थन खोरं सांगेन. रेल्वेने दिल्ली किंवा चंदीगड, तिथून मनालीच्या बसने औटपर्यंत, मग बंजारच्या रस्त्याला. नदी रस्त्याला लागून, गावात राहायची सोय, आणि तपकिरी ट्राउट. हिमाचलात ट्राउटच्या पाण्यावर १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी असते. मार्चअखेर ते मे, नाहीतर पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरअखेर-ऑक्टोबर. मत्स्य विभागाचा परवाना लागतो, तो तिथेच मिळतो.

काश्मीरमध्ये पहलगामची लिद्दर आणि कोकरनागची ब्रिंगी नावाजलेल्या आहेत. तिथे नदीचे टप्पे पाडलेले असतात आणि टप्प्यागणिक रोजचा परवाना काढावा लागतो. मुन्नारला जायचं तर मिरजेहून पूर्णा एक्सप्रेसने एर्नाकुलम, पुढे घाट. तिथलं पाणी बरंचसं मळ्यांच्या आणि वनखात्याच्या हद्दीत आहे, म्हणून आधी परवानगीचं नक्की करूनच तिकीट काढा. कुठेही गेलात तरी इथे ओढ्यात वापरलेले बूट कडक उन्हात वाळवून न्या आणि येताना पुन्हा वाळवा. एका नदीचे रोग दुसऱ्या नदीत बुटांतून जातात.

मुलांना शिकवता येईल का?

आठ-नऊ वर्षांपासून आरामात. चिव्याची काठी द्या, काटा दाबलेला गळ द्या, चष्मा सक्तीचा. आणि पोहायला आधी शिकवा.

बंधाऱ्याखाली मासे मरून तरंगताना दिसले तर काय करावं?

पंचगंगेत हे पुन्हा पुन्हा होतं, विशेषतः पाणी कमी असताना मळीमिश्रित पाणी किंवा सांडपाणी सुटलं की. त्या पाण्यातली घाण कुजताना प्राणवायू खाऊन टाकते, मासे आधी पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात आणि काही तासांत काठाला लागतात. तोंड उघडझाप दिसली तेव्हाच हालचाल करा. वेळ आणि बंधाऱ्याचं नाव लिहून घ्या, पाण्याच्या रंगाचे, फेसाचे आणि माशांचे फोटो व व्हिडिओ काढा, वर चालत जाऊन काळं पाणी कुठल्या नाल्यातून येतंय तेही टिपा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयाला आणि ग्रामपंचायतीला त्याच दिवशी कळवा, आणि नमुना घेताना पंचनामा होतोय ना ते बघायला गावातले चार जण सोबत ठेवा. दुसऱ्या दिवशी वरून पाणी सुटलेलं असतं आणि नमुन्यात काही सापडत नाही. मेलेले मासे गोळा करून विकणारे तिथे येतात, त्यांना आणि घेणाऱ्यांना स्पष्ट सांगा की हा मासा खाण्याचा नाही.